‘परिणाम दिसला नाही’ हे वाक्य वाचायचं कसं? रॉबर्ट पॉवर्स यांच्या मातीच्या प्रयोगाची एक उलटतपासणी



मागचे काही लेख सिनॉप्सिस कसा लिहायचा यावर झाले. आज एक पेपर घेऊन बसू. हा पेपर मी माझ्या प्रस्तावात चुकीचा वापरला होता, त्यामुळे थोडं कबुलीजबाबासारखंही होईल.

तर झालं असं. माझा विषय सागाच्या तोडीनंतर काळ्या जमिनीत होणारं नैसर्गिक पुनरुत्पादन. प्रस्तावात मी एक वाक्य ठोकून दिलं होतं: ‘तोडीच्या वेळी जंगलातून किती जैवभार उचलला याचा पुढच्या वाढीवर परिणाम होत नाही, हे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगाने दाखवलं आहे.’ पुढे कंसात पॉवर्स आणि सहकारी, २००५. समितीसमोर सादरीकरण चाललं होतं. एका मॅडमनी ती स्लाइड थांबवली आणि शांतपणे विचारलं, “त्यांच्या प्लॉटमध्ये झाडं आली कुठून?”

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, “मॅडम, जंगलच होतं ना तिथे.” त्या म्हणाल्या, “तोडीनंतर, बाळा. तोडीनंतरची झाडं कुठून आली?”

मी गप्प. कारण मी फक्त सारांश वाचला होता. पद्धतीचा भाग उघडलाच नव्हता.

त्या दिवसानंतर हा पेपर मी चार वेळा वाचला. आज माझं त्याबद्दल पक्कं मत आहे: प्रयोग उत्तम आहे, पण त्याचं सर्वांत जास्त उद्धृत होणारं वाक्य सर्वांत जास्त जपून वापरायला हवं. का, ते क्रमाने सांगतो.

प्रश्न आला कुठून?

अमेरिकेत १९७६ साली राष्ट्रीय वन व्यवस्थापन कायदा झाला. सरकारी जंगलांचं व्यवस्थापन करताना जमिनीची उत्पादकता कायमची आणि मोठ्या प्रमाणावर बिघडू द्यायची नाही, अशी जबाबदारी त्यात आली. वाक्य छान, पण अडचण लगेच दिसते. ‘उत्पादकता बिघडली’ हे मोजायचं कसं? किती बिघडली म्हणजे ‘मोठ्या प्रमाणावर’?

वनसेवेने कामचलाऊ उत्तर काढलं. उत्पादकतेत १५ टक्के घट झाली तर ती नुकसानीची खूण मानायची. पण उत्पादकता थेट मोजायला दशकं लागतात, म्हणून मातीचे गुणधर्म बदली खेळाडू म्हणून उतरवले. त्यातला एक म्हणजे बल्क डेन्सिटी. ठरावीक आकारमानाच्या मातीचं कोरडं वजन. यंत्रांच्या चाकांखाली माती दाबली गेली की पोकळ्या कमी होतात आणि हा आकडा वाढतो. तो १५ टक्क्यांनी वाढला की धोक्याची घंटा.

आता हा १५ चा आकडा खरोखर झाडांच्या वाढीशी जोडलेला आहे का? त्याला तेव्हा फारसा पुरावा नव्हता. जुने अभ्यास बहुतेक मागे वळून केलेले होते. एक तोडलेलं जंगल, शेजारचं न तोडलेलं जंगल, आणि दोघांची तुलना. पण ते दोन तुकडे मुळात सारखे होते का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. हवामान, तण, मातीची खोली, सगळं एकमेकांत मिसळलेलं.

कॅलिफोर्नियातल्या रेडिंग इथे वनसेवेच्या संशोधन केंद्रात काम करणारे रॉबर्ट पॉवर्स आणि त्यांचे सहकारी यांनी हा गुंता सोडवायचं ठरवलं. १९८९ च्या सुमारास कार्यक्रम उभा राहिला, आणि पहिले प्लॉट १९९० मध्ये लुइझियानात पडले. नाव साधं: दीर्घकालीन मृदा उत्पादकता अभ्यास.

आराखडा: पाठ करून ठेवा

संशोधनपद्धतीच्या पेपरला ‘फॅक्टोरियल डिझाइन’ आला की हेच उदाहरण द्या.

पॉवर्स यांचा तर्क असा होता. तोडीत मातीचं नुकसान मुख्यतः दोन वाटांनी होतं: सेंद्रिय पदार्थ निघून जातात आणि पोकळ्या बंद होतात. मग याच दोन गोष्टी मुद्दाम, मोजून बदलायच्या.

सेंद्रिय पदार्थांच्या तीन पातळ्या: फक्त खोड उचललं; फांद्या-शेंड्यासकट अख्खं झाड उचललं; अख्खं झाड आणि जमिनीवरचा पालापाचोळाही उचलला.

दाबण्याच्या तीन पातळ्या: अजिबात नाही, मध्यम, जास्त.

तीन गुणिले तीन म्हणजे नऊ प्रकार. प्रत्येक प्लॉट साधारण एक एकराचा, म्हणजे ०.४ हेक्टर. शिवाय प्लॉटचे दोन भाग करायचे, एका भागात तण आणि झुडपं काढून टाकायची, दुसऱ्यात वाढू द्यायची. हाच साचा लुइझियाना, मिनेसोटा, मिशिगन, नॉर्थ कॅरोलायना, आयडाहो, कॅलिफोर्निया अशा वेगवेगळ्या हवामानांत आणि मातींत उभा केला. पुढे कॅनडातलेही प्रयोग जोडले गेले.

इथे एक गोष्ट मनापासून दाद देण्यासारखी आहे. असा प्रयोग सुरू करणाऱ्याला माहीत असतं की शेवटचं मोजमाप आपण करणार नाही. तीन वर्षांच्या फेलोशिपमध्ये चार पेपर काढायची घाई असलेल्या आपल्यासारख्यांनी हे थोडं थांबून बघावं.

दहा वर्षांनी काय सापडलं?

२००५ चा पेपर सर्वांत जुन्या २६ ठिकाणांचा दहा वर्षांचा हिशोब मांडतो. निष्कर्ष माझ्या शब्दांत:

पालापाचोळ्यासकट सगळं उचललं तिथे वरच्या २० सेंटिमीटर मातीत कर्बाचं प्रमाण घटलं आणि पोषणद्रव्यांची उपलब्धताही कमी झाली. पण कर्बाचा एकूण साठा घटलेला दिसला नाही.

जैवभार किती उचलला याचा दहा वर्षांतल्या वाढीवर परिणाम दिसला नाही. (हेच ते माझं वाक्य.)

माती किती दाबली जाईल हे ती आधी किती घट्ट होती यावर ठरलं. घनसेंटिमीटरला १.४ ग्रॅमपेक्षा जास्त घनता असलेली माती आणखी दाबली जायला तयारच नव्हती. एकदा दाबलेली माती मोकळी व्हायला मात्र फार वेळ लागला, आणि तोही विशेष करून थंड प्रदेशात. बर्फ गोठून-वितळून माती आपोआप भुसभुशीत होते, असं आपण पुस्तकात वाचतो. इथे ते दहा वर्षांत तरी पुरेसं घडलं नाही.

आणि सर्वांत मजेशीर निष्कर्ष: दाबलेल्या चिकणमातीत वाढ घटली, दाबलेल्या रेताड मातीत उलट वाढली, आणि खालची झुडपं-तण काढून टाकलेलं असेल तर बहुतेक ठिकाणी फरकच पडला नाही.

रेताड मातीत वाढ का वाढली? वाळूत पोकळ्या मोठ्या असतात, पाणी झरझर खाली निघून जातं. थोडी दाबली की त्या लहान होतात आणि झाडाला घेता येईल असं पाणी धरून ठेवतात. चिकणमातीत मोठ्या पोकळ्या आधीच कमी असतात. त्याच गेल्या तर हवा कोंडते आणि मुळांना घुसायला जागा उरत नाही. एकच चाक, एकच वजन, परिणाम उलटे.

म्हणजे १५ टक्क्यांची एकच रेषा सगळ्या मातींवर ओढणारा नियम इथेच लंगडा पडतो. प्रयोग ज्या नियमाचा आधार शोधायला निघाला, त्याच्याच पायाखालची वाळू त्याने सरकवली. माझ्या मते या पेपरची खरी कमाई ही आहे.

आता माझे आक्षेप

*पहिला: सरासरीत लपलेली ठिकाणं.* २६ ठिकाणांचं मिळून उत्तर ‘परिणाम नाही’ येतं, याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी परिणाम नाही असा होत नाही. वर्गाची सरासरी साठ आली म्हणून कोणी नापास झालंच नाही, असं आपण म्हणत नाही ना? याच पेपरचे एक सहलेखक अँड्र्यू स्कॉट यांनी थॉमस डीन यांच्यासोबत २००६ मध्ये मेक्सिकोच्या आखाताकाठच्या मैदानातल्या लॉबलॉली पाइनचा वेगळा हिशोब मांडला. तिथे अख्खं झाड उचलल्यावर, विशेषतः मुळातच कमकस जमिनींवर, पुढच्या पिढीची वाढ घटली. श्रीमंत मातीच्या खिशातून शंभर रुपये गेले तर तिला कळत नाही. गरीब मातीला कळतं.

*दुसरा: कर्बाचा हिशोब.* हा मुद्दा नीट समजून घ्या, तोंडी परीक्षेत हमखास येतो. कर्बाचं प्रमाण घटलं, पण साठा घटला नाही, हे कसं? आपण एक काल्पनिक गणित करू. समजा आधी मातीची घनता १.०० आणि कर्ब ३ टक्के. २० सेंटिमीटर खोलीत हेक्टरी ६० टन कर्ब. आता माती दाबली, घनता १.१५ झाली, आणि कर्ब २.७ टक्क्यांवर आला. त्याच २० सेंटिमीटरमध्ये आता ६२.१ टन. कर्ब वाढला? अजिबात नाही. दाबल्यामुळे खालची माती वर सरकून आपल्या २० सेंटिमीटरच्या मापात आली. आधी आपण एक पोतं माती मोजत होतो, आता एका पोत्याहून १५ टक्के जास्त मोजतोय.

पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी ही शक्यता लपवलेली नाही. घनतेतला बदल आणि कुजणाऱ्या जुन्या मुळांतून आलेला कर्ब, ही दोन्ही स्पष्टीकरणं त्यांनी स्वतःच दिली आहेत. माझा आक्षेप वाचणाऱ्यांवर आहे. ‘साठा शाबूत’ एवढंच उचललं जातं आणि त्यामागची अट मागेच राहते. शिवाय मुळांचा कर्ब ही जुन्या झाडांनी ठेवलेली पुंजी आहे. ती एकदाच मिळते.

*तिसरा: दहा वर्षं.* माणसाच्या आयुष्यात मोठा काळ, पाइनच्या आयुष्यात बालवाडी. रोपटं लहान असताना त्याला पोषण कमी लागतं. शेंडे एकमेकांना भिडून छत पूर्ण व्हायला आलं की मातीवर खरी मागणी येते. थंड किंवा कोरड्या, सावकाश वाढणाऱ्या ठिकाणी दहा वर्षांत ती वेळ येतच नाही. तिथे ‘परिणाम दिसला नाही’ याचा अर्थ ‘अजून परीक्षा झाली नाही’ असाही असू शकतो. ‘दहा वर्षांपर्यंत’ हे शब्द सारांशात स्वच्छ लिहिलेले आहेत. माझ्या प्रस्तावात ते गळाले होते. मीच गाळले होते.

चौथा, आणि मॅडमचा: झाडं कुठून आली?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पद्धतीचा भाग उघडला तेव्हा उत्तर दोन मिनिटांत मिळालं. झाडं लावलेली होती. ॲस्पेनसारखं, मुळांतून स्वतःच फुटवे काढणारं झाड सोडलं तर पाइन वगैरेंची रोपवाटिकेतली रोपं आणून लावली होती.

यात चूक काही नाही. प्रश्न होता मातीच्या क्षमतेचा. सगळ्या प्लॉटमध्ये सारख्या वयाची, सारख्या अंतरावर झाडं असतील तरच मातीचा फरक स्वच्छ दिसतो. नैसर्गिक उगवणीवर सोडलं असतं तर कुठे दाट, कुठे विरळ, आणि मग वाढीतला फरक मातीचा की गर्दीचा हे कळलं नसतं. मी पॉवर्स यांच्या जागी असतो तर मीही लावणीच केली असती.

पण मी त्यांच्या जागी नाही. माझा प्रश्न आहे: तोडीनंतर जंगल स्वतःहून परत येईल का? आणि या प्रश्नाचा सर्वांत नाजूक टप्पा या प्रयोगाने लावणीच्या एका दिवसात ओलांडून टाकला आहे.

विचार करा. बी जमिनीवर पडतं. त्याला ओल धरणाऱ्या मातीशी संपर्क हवा. मोडातून निघालेलं कोवळं मूळ पहिल्या काही दिवसांत मातीत घुसायला हवं. रोपवाटिकेतल्या रोपाला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याची मुळं तयार असतात आणि आपण खड्डा करून त्याला आत बसवतो. दाबलेल्या मातीचा पृष्ठभाग बीसाठी बंद दार असू शकतो. लावलेल्या रोपासाठी ते दार आपणच उघडून दिलेलं असतं.

त्याहून अवघड गोष्ट अशी की एकाच कृतीचा परिणाम दोन प्रश्नांना उलट असू शकतो. पालापाचोळा काढणं घ्या. पाँडेरोसा पाइनचं बी उघड्या खनिज मातीवर चांगलं रुजतं, जाड पाचोळ्यावर पडलं तर बहुधा वाळून जातं. म्हणजे पुनरुत्पादनाच्या दृष्टीने पाचोळा हटणं हे एका अर्थी वरदान. पण मातीच्या कर्बाच्या आणि पोषणाच्या दृष्टीने तेच नुकसान, हे तर याच पेपरमध्ये आहे. लावणी केलेल्या प्लॉटमध्ये यातली एकच बाजू दिसणार.

तणाचंही तसंच. झुडपं आणि तण काढलेलं असेल तर दाबण्याचा फरक बहुतेक पडत नाही, हा निष्कर्ष लागवडीसाठी सोन्यासारखा आहे. पण नैसर्गिक पुनरुत्पादनात तण काढणार कोण? तिथे झुडपं, गवत, वेली आणि कोवळी रोपं एकाच ताटात जेवायला बसलेली असतात. म्हणजे ज्या अटीखाली परिणाम नाहीसा होतो, ती अट माझ्या जंगलात अस्तित्वातच नाही.

आणखी एक फरक. प्रयोगात प्लॉट सगळीकडे सारखा दाबला गेला. तुलनेसाठी ते गरजेचं होतं. प्रत्यक्ष तोडीत लाकूड ओढण्याच्या वाटा पडतात. वाटेवर माती दगडासारखी आणि दोन वाटांच्या मध्ये जवळजवळ जशीच्या तशी. लावलेल्या झाडाची मुळं वाटेच्या कडेने पलीकडच्या मोकळ्या मातीत जाऊ शकतात. वाटेवर पडलेल्या बीला मात्र तिथेच जगायचं किंवा मरायचं असतं.

मग हा पेपर माझ्या काळ्या जमिनीला चालतो का?

हाही प्रश्न समितीत आला. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिची बल्क डेन्सिटी ओलाव्यानुसार बदलते. एप्रिलमध्ये मोजली तर एक आकडा, सप्टेंबरमध्ये मोजली तर दुसरा. अशा मातीला १.४ ची रेषा तशीच्या तशी लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं. मी तो आकडा प्रस्तावातून काढला. ओलावा नोंदवूनच घनता मोजायची, असं कलम घातलं.

प्रयोगाचा साचा मात्र ठेवला. दोन घटक वेगळे करायचे, प्रत्येकाच्या पातळ्या ठरवायच्या, तण काढलेला आणि न काढलेला असे भाग ठेवायचे. एक बदल केला. प्रत्येक प्लॉटमध्ये एक पट्टा लावणीचा आणि एक पट्टा निसर्गावर सोडलेला. पहिला मातीची क्षमता सांगेल. दुसऱ्यात बीपासून आलेली रोपं आणि खुंटाचे फुटवे वेगवेगळे मोजायचे. साग खुंटातून जोमाने फुटतो, त्यामुळे दोन्ही एकत्र मोजले तर जंगल परत आल्याचा भास होतो. खरं तर जुनीच मुळं पुन्हा उठलेली असतात आणि नवं झाड एकही आलेलं नसतं.

दुसऱ्या सादरीकरणात प्रस्ताव मंजूर झाला. मॅडमनी फक्त एवढंच म्हटलं, “आता वाचलेला दिसतोय.”

तुमच्यासाठी

कुठल्याही पेपरमध्ये ‘परिणाम आढळला नाही’ हे वाक्य दिसलं की उचलण्याआधी वहीत चार ओळी लिहा. कशावर परिणाम? कोणत्या मातीत? किती काळापर्यंत? आणि मोजलेलं झाड, पीक, प्राणी किंवा माणूस त्या प्रयोगात आला कसा? पहिली तीन उत्तरं अनेकदा सारांशात मिळतात. चौथं जवळजवळ नेहमी पद्धतीच्या भागात दडलेलं असतं, आणि आपण नेमका तोच भाग ‘नंतर वाचू’ म्हणून सोडतो.

हे चुकलं तर नुकसान फक्त आपल्या मार्कांचं होत नाही. फांद्या-शेंडे जळणासाठी किंवा वीजनिर्मितीसाठी जंगलातून उचलावेत की नाहीत, यावर धोरणं ठरतात आणि तिथे अशीच वाक्यं पुढे केली जातात. ‘दहा वर्षांपर्यंत, लावलेल्या झाडांवर, २६ ठिकाणांच्या सरासरीत’ एवढे शब्द गळाले की उरतं फक्त ‘परिणाम नाही’. मग गरीब मातीच्या जंगलाची बाजू मांडायला कोणी उरत नाही.

पॉवर्स यांनी वाक्य पूर्ण लिहिलं होतं. अर्धं मी केलं.

पुढच्या लेखात बल्क डेन्सिटीचा नमुना प्रत्यक्ष कसा घ्यायचा ते बघू. कोअरची नळी मातीत ठोकताना मातीच दाबली जाते, आणि आपण आपलीच चूक मोजून येतो. तोवर तुमच्या प्रस्तावातलं एखादं ‘परिणाम नाही’ शोधून ठेवा. मूळ पेपर उघडा आणि काय सापडलं ते खाली लिहा.